ताकदीचं सलाईन

आपल्याकडं माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणाऱ्यांची वाक्यं ठरलेली असतात. पहिलं त्याला, "किती वाळलायस रे बाबा." दुसरं त्याच्या बायकोला, "आता चांगलं खाऊ-पिऊ घाला, काम सांगू नका." मग चहा पिऊन, बिस्किटाचा पुडा ठेवून मंडळी निघून जातात. आपलं काही चुकलं असं कुणाला वाटत नाही. तुम्हां-आम्हांला तरी कुठं वाटतं?

घोडेगावच्या काकासाहेब दरंदल्यांच्या घरी अडीच वर्षांपूर्वी अशाच पुड्यांचा ढीग लागला होता. काकासाहेब म्हणजे जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. वय छप्पन्न. म्हशीच्या तोंडाकडं बघून तिचं कितवं वेत, म्हणजे ती किती वेळा व्यायलीय, ते सांगणारा माणूस. शुक्रवारच्या बाजारात घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची बोटं रुमालाखाली धरून ते सौदा जुळवायचे. सौदा जुळला की तिघांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवायची, हा तीस वर्षांचा रिवाज. मोठा सौदा असला तर हायवेच्या ढाब्यावर बाटली आणि मटण. बाजारात असं चालतंच, असं सगळेच म्हणायचे.

वर्षभर शौचातून रक्त पडत होतं. काकासाहेबांनी त्याला मूळव्याध ठरवून टाकलं, गावठी औषधं घेतली, ताक प्यायले. शेवटी एक दिवस बाजारातच चक्कर येऊन पडले तेव्हा मुलानं, ओंकारनं, त्यांना जीपमध्ये घालून नगरला नेलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, मोठ्या आतड्याचा हातभर तुकडा काढला. डॉक्टरबाईंनी ओंकारला आणि त्याच्या आईला, लंकाबाईंना, केबिनमध्ये बोलावलं.

"आतड्याचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "पण वेळेवर सापडलाय. गाठ सगळी काढलीय. आता सहा महिने केमोची सलाईनं घ्यायची. माणूस यातून उठू शकतो."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरबाई थांबल्या, मग एक कागद ओंकारपुढं सरकवून एकेक ओळ समजावून सांगायला लागल्या. तंबाखू आणि दारू आजपासून बंद. वजन भलतं वाढू द्यायचं नाही. जखम भरली की रोज चालायचं, आधी दहा मिनिटं, मग वाढवत न्यायचं. मटण कधीतरी, थोडं. भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळं रोज. आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं, चुकवायचं नाही.

"इथं ऑपरेशन संपलं, इलाज संपला नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं निम्मं काम पेशंटनं करायचंय. म्हणून त्यांना आजार काय ते सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"सांगतो आम्ही," ओंकार म्हणाला.

जिन्याखाली आल्यावर लंकाबाईंनी त्याचा दंड धरला. "सांगायचं न्हाई. कॅन्सर म्हनलं की मानूस हाय खाऊन मरतं. तुझ्या आजोळचा तात्या काय झाला? आठ दिसात गेला. तुला शपथ हाय माझी."

ओंकारनं मान हलवली. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. बापासमोर उभं राहून तो शब्द उच्चारायची त्याची छाती नव्हती. आईची शपथ आयती मिळाली, ती त्यानं घेऊन टाकली.

तेव्हापासून कॅन्सरचं नाव 'मूळव्याधीची गाठ' झालं आणि केमोचं नाव 'ताकदीचं सलाईन'. वॉर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, म्हणून दर वेळी काकासाहेबांना मागच्या लिफ्टनं न्यायचे. त्यांचा चष्मा त्या दिवशी नेमका ओंकारच्या खिशात राहायचा. तिथल्या नर्सलाही हात जोडून सांगून ठेवलं होतं. सहा महिन्यांत काकासाहेब एवढंच म्हणाले, "ताकदीचं सलाईन हाय तर मळमळ का सुटती रं?" त्यावर ओंकार म्हणाला, "दादा, औषध गरम असतं." गावात मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नव्हतं ते एका काकासाहेबांना.

सलाईनं संपली आणि घरात एक विचित्र माया सुरू झाली. विचित्र अशासाठी, की ती माया होती खरी, पण तिच्या पोटात भीती होती. लंकाबाई चुलीपुढं बसून सुनेला हळू आवाजात सांगायच्या, "राहिल्यात किती दिस? मनासारखं खाऊ दे त्यांना." दर रविवारी मटण, बुधवारी अंडी, संध्याकाळी तुपात भिजलेला शिरा. भाऊबंदांपैकी कुणी बाटली घेऊन आलं तरी त्या तोंड फिरवून आत जायच्या. डॉक्टरांनी वाचवून हातात दिलेल्या माणसाला घरच्यांनी मनातल्या मनात कधीच पोहोचवून टाकलं होतं, आणि उरलेले दिवस गोड करायला घेतले होते.

सून राजनंदिनी बारावी शिकलेली. तिनं कपाटात ठेवलेला तो कागद दोनदा वाचला होता. तिनं एकदा मटकीची उसळ, मेथी आणि भाकरी असं ताट सासऱ्यापुढं ठेवलं. काकासाहेबांनी ताट बाजूला सारलं.

"हे काय गं? म्या काय आजारी हाय?"

"मामा, डॉक्टरांनी सांगितलंय, असंच खायचं म्हणून. आणि तंबाखूपण—"

"मूळव्याधीचा आन् तमाखूचा काय संमंध? तमाखूनं उलट पोट साफ व्हतं."

यावर ती काय बोलणार? ज्याला मूळव्याध झाली आहे असं घरादारानं सांगितलं, त्याचं म्हणणं बरोबरच होतं. तेवढ्यात लंकाबाई आल्या आणि सुनेवर कडाडल्या, "सासऱ्याला उपाशी मारतीस का? काढ ते ताट." त्या दिवसानंतर राजनंदिनीनं तो विषय काढला नाही.

बाजारात तर काकासाहेबांची चैनच झाली. पूर्वी शुक्रवारी पहाटेपासून ते जनावरांच्या रांगांतून दोन-चार कोस सहज फिरायचे. आता लोकांनी लिंबाखाली खुर्ची टाकून दिली. "तुम्ही बसा, जनावर इथं आणतो." पाणी जागेवर, चहा जागेवर, तंबाखूची पुडी जागेवर. सहा-सात महिन्यांत पोट सुटलं, गाल भरले. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, तब्येत सुधारली." लंकाबाईंना ते ऐकून बरं वाटायचं. आपल्याकडं माणसाची तब्येत शर्टाच्या बटणांवरून मोजतात. आत काय चाललंय ते बटणांना कुठून कळणार?

याच बाजारात शमशेर म्हशींचा धंदा करायचा. साठीचा, सडपातळ, मोजकं बोलणारा माणूस. त्याचीही मोठ्या आतड्याची गाठ तीन वर्षांपूर्वी काढली होती, त्याच दवाखान्यात. फरक एवढाच, की त्याच्या बायकोनं, जरीनानं, डॉक्टरांसमोरच त्याला सांगितलं होतं, "कॅन्सर आहे. रडायचं तर आज रडून घ्या." तो रडला. आठ दिवस कुणाशी बोलला नाही. मग डॉक्टरांना विचारून चालायला लागला. पहिल्या दिवशी मशिदीपर्यंत, मग वेशीपर्यंत, मग कालव्यापर्यंत. बिडी सोडली. धंद्यातल्या जेवणावळी सोडल्या. लोक हसले, "चालून कुठं कॅन्सर बरा होतो काय?" तो म्हणायचा, "बरा डॉक्टरनं केला. परत येऊ नये म्हणून माझ्या हातात आहे तेवढं मी करतो."

एका शुक्रवारी तो लिंबाखाली येऊन बसला. "काकासाहेब, सकाळी माझ्यासंग चालायला येत जा. दोघं असलं की कंटाळा येत नाही."

काकासाहेब हसले. चिमूट मळत म्हणाले, "शमशेर, तुला कॅन्सर झालाय, तू चाल बाबा. मला काय झालंय?"

स्वतःच्या तपासणीला गेला असताना शमशेरनं त्याच वॉर्डात ह्या माणसाला तसलंच सलाईन लावलेलं पाहिलं होतं. तो उठला आणि सरळ ओंकारच्या खताच्या दुकानात गेला.

"ओंकार, त्याला सांग."

"चाचा, नका त्यात पडू."

"तो मला म्हणतो, तू चाल, मला काय झालंय. काय उत्तर देऊ?"

"त्यांना कळलं तर खचतील."

"खचेल. मी खचलो होतो. आठ दिवस खचेल, महिना खचेल, पण उठेल. तुझा बाप म्हशीच्या लाथा खाऊन उठलेला माणूस आहे. तू त्याला एवढा कच्चा समजतोस?"

ओंकार वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करत राहिला. शमशेरनं आवाज खाली आणला. "हे बघ पोरा. तंबाखू सोडणं, दारू सोडणं, रोज चालणं, आवडीचं ताट बाजूला सारणं, हे सोपं नाही. मला अजून बिडीची तल्लफ येते. माणूस हे सगळं कशासाठी करतो? मरणाची भीती समोर दिसते म्हणून. ती तुम्ही त्याच्यापासून लपवली, मग तो कशासाठी सोडेल? मूळव्याधीसाठी?"

"करू काहीतरी. एवढा हंगाम जाऊ द्या."

"तपासणीला कधी नेलं होतं?"

ओंकारनं वही मिटली. सलाईनं संपल्यापासून एकदाही नेलं नव्हतं. नेलं की पाटी, चष्मा, मागची लिफ्ट. आणि मूळव्याध बरी झालेल्या माणसाला दर तीन महिन्यांनी नगरला कशासाठी न्यायचं, हे सांगणार कोण? खोटं बोलायचं तर त्याला रोज नवीन खोटं लागतं, म्हणून त्यांनी तपासणीच टाळली.

"तुमचं काळीज दगडाचं आहे चाचा," ओंकार शेवटी म्हणाला. "आमचं नाही."

शमशेर गेला. जाताना एवढंच म्हणाला, "दगडाचं असतं तर मी इथं आलो नसतो."

हंगाम गेला. आणखी एक गेला. गेल्या दिवाळीच्या आधी काकासाहेबांची भूक मेली. भरलेले गाल आत गेले, डोळे पिवळे दिसायला लागले. गावातल्या डॉक्टरनं कावीळ म्हणून दोन दिवस औषध दिलं आणि तिसऱ्या दिवशी हात टेकले. पुन्हा जीप, पुन्हा नगर. ह्या वेळी मागच्या लिफ्टनं न्यायला वेळ नव्हता.

डॉक्टरबाईंनी नव्या तपासण्या पाहिल्या, जुने कागद उलटले आणि काकासाहेबांकडं बघून विचारलं, "दीड वर्ष तपासणीला का आला नाहीत? पहिल्या भेटीत सांगितलं होतं ना, कॅन्सर परत येऊ शकतो म्हणून?"

काकासाहेबांनी मान वळवून ओंकारकडं पाहिलं. ओंकारनं जमिनीकडं पाहिलं. डॉक्टरबाईंच्या लक्षात काय ते आलं आणि त्या खुर्चीत मागं टेकल्या. मग त्यांनी कुणाची परवानगी न विचारता सगळं सांगितलं. आजार लिव्हरमध्ये पसरला होता. औषध देता येणार होतं, पण बरं करण्यासाठी नाही, त्रास कमी करण्यासाठी.

"तंबाखू खाताय का अजून?" त्यांनी विचारलं.

"खातो."

"चालणं?"

"न्हाई. मला मूळव्याध झालीय म्हनून सांगितलं हुतं बाई," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपण कुठंतरी वेंधळेपणा केला आणि त्याची माफी मागतोय, असा तो आवाज होता. ओंकारला ते ऐकवलं नाही, तो बाहेर गेला.

परतीच्या वाटेवर एमआयडीसी मागं पडली तेव्हा काकासाहेबांनी विचारलं, "तुझ्या आईला ठाव हुतं?"

"व्हय दादा."

"सुनंला?"

"व्हय."

"शमशेरला? बाजाराला?"

ओंकारनं नुसती मान हलवली. काकासाहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तीस वर्सं धंदा केला. म्या कंदी जनावराची खोड लपवून सौदा केला न्हाई. मारकी म्हस आसंल तर मारकी म्हनून सांगितलं. घेनाऱ्याला इचार करता यावा म्हनून. आन् तुमी माझीच खोड मला सांगितली न्हाई."

"दादा, तुम्ही खचाल म्हणून—"

"खचलो असतो. मग? त्यो हक्क माझा हुता का न्हाई? म्या तमाखू सोडली असती का नसती सोडली, चाललो असतो का नसतो चाललो, ते म्या ठरवलं असतं. तुमी मला ठरवूच दिलं न्हाई रं."

लंकाबाई मागच्या सीटवर होत्या. त्यांचं रडणं आवाज न करता चाललं होतं. काकासाहेबांनी पिवळ्या हातानं खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिली.

"आता कशाला दादा?" ओंकारनं विचारलं. आता सोडून काय उपयोग, असं त्याला म्हणायचं होतं.

"आता तरी मला ठरवू दे," काकासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शमशेरला बोलावणं धाडलं. दोघं चालायला निघाले. डॉक्टरबाईंनी झेपेल तेवढं चाला म्हणून सांगितलं होतं. पहिले काही दिवस वेशीपर्यंत जमलं. मग मारुतीच्या पारापर्यंत. मग अंगणातल्या अंगणात. जो रस्ता शमशेरनं वाढवत नेला होता, तोच काकासाहेबांच्या पायाखाली रोज कमी होत गेला. एके दिवशी पारावर टेकून त्यांनी विचारलं, "शमशेर, खरं सांग. तुझ्यावानी पयल्यापासून चाललो असतो, ह्ये समदं सोडलं असतं, तर वाचलो असतो का?"

शमशेर त्यांच्या शेजारी टेकला. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "सगळं पाळूनही काहींना परत होतो. मी सकाळी उठलो की पहिल्यांदा पोट चाचपून बघतो, भीती कुठं जाते. पण चालणाऱ्या, तंबाखू सोडणाऱ्या माणसाला जास्त वर्षं मिळायची शक्यता असते, असं डॉक्टर म्हणतात. आणि तपासणीला गेला असतास तर लवकर सापडलं असतं. तुला ती संधी होती. मला मिळाली तशी."

"तू तरी सांगायचं हुतं."

"हो," शमशेर म्हणाला. "ते पाप माझंही आहे. घरच्यांचा मान ठेवला मी. तुझा ठेवायला पाहिजे होता."

फेब्रुवारीत काकासाहेब गेले. शेवटचे पंधरा दिवस फार वाईट गेले, ते लिहून कुणाचं भलं होणार नाही.

दशक्रिया प्रवरासंगमला होती. घाटावर माणूस मावत नव्हता. बाजारातले व्यापारी, भाऊबंद, पाहुणे, सगळे आले होते. महाराजांचं प्रवचन झालं, मग माईकवर पुढारी एकेक करून श्रद्धांजली वाहून गेले. कुणी म्हणालं, देवापुढं कुणाचं चालत नाही. कुणी म्हणालं, घरच्यांनी सेवेत काही कमी ठेवलं नाही, मागतील ते ताटात वाढलं. ओंकार मुंडन केलेलं डोकं खाली घालून ऐकत होता.

पिंड ठेवले आणि सगळे मागं सरकले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली उतरायला तयार नव्हते. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. ऊन चढलं. कुजबुज सुरू झाली, काकासाहेबांची इच्छा राहिली कशात तरी. एक भाऊबंद पुढं झाला आणि त्यानं पिंडाशेजारी तंबाखूची पुडी ठेवली. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्यानं पिशवीतून क्वार्टर काढून टोपण उघडून ठेवली. तिसरा म्हणाला, "मटनाचा तुकडा पायजे हुता. लई आवडायचं."

काय म्हणावं ह्याला! ज्यानं माणूस पोखरला तेच त्याच्या पिंडाजवळ मांडलं, आणि वरून हात जोडले. हसायची सोय नव्हती आणि रडायला डोळे उरले नव्हते.

ओंकार उठला. पुडी उचलली, बाटली उचलली, बाजूला नेऊन ओतून दिली. लोक अवाक झाले. चुलता ओरडला, "आरं, काय करतोस?" ओंकारनं माईक हातात घेतला.

"दादांची इच्छा ह्यात नव्हती," तो म्हणाला. "ह्या पंधरा मिनिटांत मी खूप विचार केला. आत्ता बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही. दादांना आतड्याचा कॅन्सर होता. ऑपरेशन चांगलं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तंबाखू-दारू बंद करा, चालवा, ताट बदला, तपासणीला आणा, आणि पेशंटला आजार सांगा. आम्ही शेवटचं केलं नाही, म्हणून आधीचंही काही झालं नाही. केमोला आम्ही ताकदीचं सलाईन म्हटलं. त्यांना मूळव्याध सांगितली. त्यांचा चष्मा मी खिशात लपवत होतो. तुम्ही म्हणालात सेवेत कमी ठेवलं नाही. बरोबर आहे. त्या सेवेनंच—"

त्यानं माईक खाली घेतला. लंकाबाई बायकांच्या घोळक्यातून उठल्या. "पोरगं खरं बोलतंय," त्या म्हणाल्या, "पर शपथ म्या घातली हुती. म्याच त्यांना आदी मारलं मनात."

तेवढ्यात पाहुण्यांतून एक माणूस काठी टेकत उभा राहिला. राहुरीचे रंगनाथ दरंदले, काकासाहेबांचे चुलतभाऊ. बासष्टीचे, टोपी घातलेले, चेहऱ्यानं जरा ओढलेले.

"ओंकार, थांब," ते म्हणाले. "मला एक इचारायचंय. मलाबी चार म्हयन्यामागं पोटाचं आपरेशन झालं, पुन्याला. आतड्याला पीळ पडला हुता म्हनत्यात. आन् दर पंधरा दिसाला मलाबी ताकदीचं सलाईन लावत्यात."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. रंगनाथांचा मुलगा आदिनाथ शेजारीच बसला होता. त्यानं बापाकडं न बघता हातातली चप्पल सरळ केली, पुन्हा वाकडी केली.

"आदिनाथ," रंगनाथ म्हणाले, "माझ्याकडं बघ. मला काय झालंय?"

त्यानं वर पाहिलं नाही. आदिनाथची आई, गोजरबाई, पलीकडं बसली होती. तिनं आधी लंकाबाईंकडं पाहिलं, त्यांच्या कोऱ्या कपाळाकडं पाहिलं. मग ती उठून सगळ्या गर्दीतून नवऱ्यापाशी आली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"कॅन्सर हाय आवं," ती म्हणाली. "आमी लपवलं."

रंगनाथ हळूच घाटाच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काठी हातातून सुटली ती एकानं धरली. त्यांनी हाय खाल्ली नाही. त्यांचा जीव गेला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं. मग बायकोला म्हणाले, "रडू नगं. मला आदी सांग, डाक्तरानं मला काय काय करायला सांगितलंय?"

गोजरबाईला ते नीट सांगता येईना. आदिनाथनंच मग घोगऱ्या आवाजात एकेक सांगायला सुरुवात केली. तंबाखू. रोजचं चालणं. ताट. पुढची तपासणी एकोणीस तारखेला. रंगनाथ बोटांवर मोजत ऐकत होते. एकदा मधेच त्यांनी थांबवलं, "चालायचं किती म्हनला?" शमशेर पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसला होता. तो म्हणाला, "सलाईन चालू आहे तोवर किती झेपेल ते उद्या डॉक्टरांना फोन लावून विचारू. पण उठून गाडीपर्यंत तर आज चालूच."

कावळा शिवला की नाही, असं विचाराल तर खरं सांगतो, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मंडळी, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर किती वर्षं मिळतील हे कुणी लिहून देत नाही. पाळणारेही जातात, न पाळणारा एखादा टिकतोही. पण त्या वर्षांतला एक वाटा डॉक्टरच्या हातात असतो आणि एक वाटा माणसाच्या रोजच्या ताटात, खिशात आणि पायांत असतो. तो दुसरा वाटा उचलायचा तर माणसाला आपला आजार ठाऊक पाहिजे. आपण काय करतो? लाडानं त्याला खुर्चीत बसवतो, तुपात बुडवतो, त्याची पुडी त्याच्या हातात देतो आणि ह्याला माया म्हणतो. ही माया नव्हे. ही आपली भीती आहे, आणि तिची किंमत आजारी माणूस मोजतो.

घरात असा कुणी असेल तर त्याला खरं सांगा. आज सांगा. तो रडेल, चिडेल, दोन दिवस जेवणार नाही. तेव्हा त्याच्याजवळ बसा. आणि तो उठला की त्याच्याबरोबर चालायला जा.